धर्मानंद कोसंबी : सोय सोडण्याचा अर्थ काय?

४ जून हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा स्मृतिदिन. एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांत आपल्या वस्त्यांमध्ये कार्यक्रमांची रेलचेल असते, पण जूनमधली ही तारीख सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. विहारातल्या कपाटात त्यांचे ‘भगवान बुद्ध’ असते. अभ्यासवर्गात त्याचा उल्लेख होतो, एखादा कार्यकर्ता भाषणाच्या आदल्या रात्री ते चाळतो. पुस्तकामागचा माणूस मात्र आपल्याला फारसा माहीत नसतो.

हा माणूस आज आठवण्याचे एक कारण आहे. सध्या आपल्या मुलामुलींना मोबाइलवर आणि करिअर शिबिरांत एकच उपदेश ऐकू येतो : कम्फर्ट झोन सोडा, मग प्रगती होते. ऐकायला बरे वाटते. पण ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांना पाणी, रस्ता, शाळा यातले काहीच सुखाने मिळाले नाही, त्या समाजातल्या मुलाने नेमका कुठला कम्फर्ट झोन सोडायचा? गैरसोय माणसाला घडवते हे खरे की गैरसोय माणसाला मोडते हे खरे? आम्हाला वाटते, दोन्ही खरे आहे. फरक कुठे पडतो ते समजून घ्यायला कोसंबींचे आयुष्य उपयोगी पडते. त्यांनी आयुष्यभर सोय सोडली. काही वेळा ती कोणासाठी सोडली हे स्पष्ट दिसते. काही वेळा त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली, तेही दिसते.

सांखवाळचे माड

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. घराणे सारस्वत ब्राह्मण, उपजीविका नारळाच्या बागायतीवर. शालेय शिक्षण जुजबीच झाले. लहान वयात माडांची देखरेख अंगावर पडली आणि १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, बालाबाईंशी लग्न झाले. त्या काळातल्या त्या वर्गातल्या मुलाचे आयुष्य इथे ठरून जात असे. बाग, घर, मुले, देवळातले उत्सव, संपले.

पण या मुलाला वाचनाचा नाद होता. मिळेल ते मराठी पुस्तक तो वाचायचा. तुकारामांच्या अभंगांनी त्याच्या मनाचा ताबा घेतला होता. अशातच ‘बालबोधमेवा’ नावाच्या, मुलांसाठी निघणाऱ्या मिशनऱ्यांच्या मासिकात बुद्धांचे छोटे चरित्र वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेला तो एक साधा लेख होता. त्याने या तरुणाला असे काही धरले की पुढे ते सुटलेच नाही. बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, हे त्याने ठरवले.

ठरवणे सोपे होते. हाती काय होते? संस्कृत येत नव्हते. पाली ही भाषा शिकायची कुठे हेही ठाऊक नव्हते. इंग्रजी जवळपास नाहीच. पैसा नाही. वडील वारले होते, बागायत कर्जात होती. घर सोडण्याचे आधीचे प्रयत्न अर्धवट राहिले होते. अखेर १८९९ च्या शेवटी, तेवीस वर्षांचे असताना, ते निघाले. घरी पत्नी होती आणि नुकतीच जन्मलेली मुलगी माणिक. या मायलेकींकडे आपण पुढे पुन्हा येऊ, कारण त्यांना सोडून हे चरित्र सांगता येत नाही.

पाली कुठे शिकवतात?

पहिला मुक्काम पुणे. प्लेगचे दिवस. तिथे ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले आणि संस्कृतचे धडे घेऊ लागले. पुण्यात मनासारखे शिक्षण होईना म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी गाठली. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या घरी बसून व्याकरण घोकायचे, असा क्रम सुरू झाला. अंगावर धड कपडे नाहीत, थंडीत पांघरूण नाही, तब्येत वरचेवर बिघडते. पंचविशीतला, लग्न झालेला माणूस लहान मुलांच्या बरोबरीने बसून पहिल्यापासून शिकत होता. उपाशी राहण्यापेक्षा हे जड असते. मोठ्या वयात पुन्हा पहिलीच्या बाकावर बसण्याची लाज गिळावी लागते. रात्रशाळेत येणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ती चांगली ठाऊक आहे.

१९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले. बुद्धांचा जन्म झाला त्या प्रदेशाजवळ बुद्ध जिवंत सापडतील, ही आशा होती. तराईतून आणि डोंगरांतून पायी प्रवास करून काठमांडूला पोहोचले. तिथल्या चालीरीतींत त्यांना हवा होता तो धम्म दिसला नाही. इतका खटाटोप करून हाती निराशा आली. इथे बहुतेक माणसे माघारी फिरली असती. ते बुद्धगयेला गेले. तिथे कळले की पाली शिकायचे तर सिंहलद्वीप गाठले पाहिजे. कलकत्त्याला जाऊन, तिथून मद्रासमार्गे ते कोलंबोला पोहोचले. भाड्याचे पैसे लोकांच्या मदतीने उभे राहिले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पाली शिकायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी श्रामणेर झाले. घर सोडल्यापासून धम्माच्या मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला होता. तिथेही सुख नव्हतेच. सिंहली भाषा येत नव्हती, तिथले अन्न मानवले नाही, प्रकृती खालावली. पण शिकणे थांबले नाही.

पुढे मद्रासमध्ये प्रा. पी. लक्ष्मी नरसू आणि सिंगारवेलू यांचा सहवास लाभला. नरसूंचे नाव आपल्याला परिचित असायला हवे. त्यांच्या बौद्ध धर्मावरच्या इंग्रजी ग्रंथाच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. त्यानंतर धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. भिक्खू म्हणून राहिले. सगाईंगच्या डोंगरांत जर्मन भिक्खू ज्ञानतिलोक यांच्यासोबत त्यांनी ध्यानाभ्यास केला. परत आल्यावर बुद्धगया, राजगृह, कुशिनारा, लुंबिनी ही स्थळे पाहिली, बराचसा प्रवास पायीच झाला.

चीवर उतरवले, पगार नाकारला

आता खरे तर त्यांना स्थिर होता आले असते. भिक्खूला समाजात मान असतो, भोजनदान मिळते, अभ्यासाला वेळ मिळतो. पण भारतात तेव्हा भिक्खूसंघाला आधार देणारा उपासकवर्गच जवळपास नव्हता. विनयाचे नियम पाळत या देशात लोकांमध्ये फिरून काम करणे अवघड आहे, हे त्यांच्या लक्षात आले. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले आणि गृहस्थ म्हणून काम करायचे ठरवले.

याकडे आपण नीट पाहायला हवे. इतके कष्ट करून मिळवलेली ओळख सोडणे सोपे नसते. लोक काय म्हणतील, हार मानली म्हणतील, ही भीती असते. आपल्यातही कितीतरी कार्यकर्ते पदाला आणि पेहरावाला धरून बसतात, काम मागे पडले तरी. कोसंबींनी काम धरले आणि पेहराव सोडला.

कलकत्त्याला नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. ज्याने धड शाळा पाहिली नाही तो विद्यापीठात शिकवू लागला. पण मन महाराष्ट्राकडे ओढत होते. पाली बंगालमध्ये शिकवले जात होते, मराठी मुलखात त्याची सोय नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी एक प्रस्ताव ठेवला : महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा ५० रुपये मिळतील. कलकत्त्यात यापेक्षा जास्त पगार मिळत होता. कोसंबींनी ५० रुपये स्वीकारले. लोकांच्या भाषेत धम्म पोहोचवायचा तर लोकांच्या मुलखात राहिले पाहिजे, इतका साधा हिशेब होता.

काय सोसायचे नाही

मुंबईत असताना हार्वर्ड विद्यापीठातले प्रा. जेम्स वुड्स यांची ओळख झाली आणि १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेला गेले. तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या आचार्य बुद्धघोषांच्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करायची होती. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ते काम सुरू केले होते, ते १८९९ मध्ये वारले आणि काम अपुरे राहिले होते. कोसंबींनी ते अंगावर घेतले. पण विभागप्रमुख प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले. केलेल्या कामाचे योग्य श्रेय आपल्याला मिळत नाही, हे दिसल्यावर ते १९१२ मध्ये परत आले.

काशीच्या थंडीत कुडकुडणारा, भाड्यासाठी हात पसरणारा, विद्यार्थी होण्यासाठी वय विसरणारा हा माणूस हार्वर्डसारख्या ठिकाणी अन्याय सोसत बसला नाही. शिकण्यासाठीची गैरसोय त्यांनी स्वीकारली. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गैरसोय त्यांनी स्वीकारली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि काम महत्त्वाचे होते म्हणून पुढे पुन्हा बोलावणे आले तेव्हा ते पुन्हा गेले, काम पुरे केले. ती आवृत्ती १९५० मध्ये हार्वर्डच्या मालेत प्रसिद्ध झाली, वॉरन आणि कोसंबी अशा दोघांच्या नावाने. तेव्हा कोसंबी हयात नव्हते. देवनागरीतली आवृत्ती मात्र त्यांनी आधीच, १९४० मध्ये, भारतात छापून घेतली होती.

कार्यालयात, प्रयोगशाळेत, स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे. अहवाल आपण लिहायचा आणि सही दुसऱ्याने करायची, याला कोणी अनुभव मिळतो आहे असे म्हणाले तर तो अनुभव नाकारण्याचा आपल्याला हक्क आहे.

एकाने शिकून भागत नाही

१९१२ ते १९१८ कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे यासाठी भांडारकरांनी प्रयत्न केले होते, त्याला कोसंबींच्या रूपाने शिक्षक मिळाला. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, ना. के. भागवत असे विद्यार्थी तिथे घडले. बापटांनी संपादित केलेला बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. आज आपल्या मुली पाली विषय घेऊन एम.ए. करतात, विद्यापीठांच्या पाली विभागांत संशोधन करतात. या वाटेच्या सुरुवातीला सिलोनमध्ये आजारी पडूनही पाली शिकणारा एक माणूस आहे.

१९२२ नंतर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन पाली शिकवले. ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ चे. बुद्ध, धम्म, संघ, विनय, जातककथा यांवर ते सतत मराठीत लिहीत राहिले. सोप्या मराठीत, कोणालाही कळेल असे. बदल टिकतो तो असा. एका माणसाची जिद्द त्याच्याबरोबर संपते. तिचे शाळेत, पुस्तकात, विद्यार्थ्यांत रूपांतर झाले तर ती उरते.

बालाबाईंचा वाटा

आता मायलेकींकडे येऊ. धर्मानंद निघाले तेव्हा माणिक तान्ही होती. सुमारे सात वर्षे बालाबाईंनी नवऱ्याशिवाय काढली. त्या काळात नवरा निघून गेलेल्या बाईला काय ऐकावे लागत असेल, हे वेगळे सांगायला नको. ‘निवेदन’ धर्मानंदांचे आहे. बालाबाईंच्या नजरेतून लिहिलेले त्या वर्षांचे निवेदन आपल्यासमोर नाही.

धर्मानंदांनी गैरसोय निवडली होती. बालाबाईंनी निवडली नव्हती, ती त्यांच्या वाट्याला आली. चळवळीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते. समाजशास्त्र शिकताना आम्ही घरकामाच्या अदृश्य श्रमाबद्दल वाचले. ते समजायला मात्र वस्तीतल्या घरांत जावे लागले. कार्यकर्ता मोर्चाला जातो तेव्हा चूल, म्हातारी सासू, मुलांचा अभ्यास आणि घरभाडे कोण पाहते? माता रमाईंचे स्मरण आपण श्रद्धेने करतो. पण त्यागाचे गोडवे गाताना आपल्या घरातल्या रमाईला विचारले का, हा प्रश्न टाळतो. आपली गैरसोय दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून केलेली साधना अर्धी असते.

कोसंबींच्या बाबतीत एवढे सांगता येते की परतल्यावर त्यांनी संसार पुन्हा जोडला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर झाला, पुढे कुटुंब पुण्यात एकत्र राहिले. १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना ते माणिक आणि दामोदर दोघांना शिक्षणासाठी बरोबर घेऊन गेले. मुलगा आणि मुलगी दोघांना, हेही नोंदवण्यासारखे. हाच दामोदर म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. भारताच्या इतिहासाकडे राजांच्या यादीपलीकडे जाऊन कसे पाहावे, हे त्यांच्या ग्रंथांनी शिकवले.

काशीचे अन्नछत्र आणि बडोद्याची खानावळ

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोसंबी काशीत उपाशी मेले नाहीत, कारण अन्नछत्र होते. ते ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. शास्त्र्यांच्या घरात ते व्याकरण शिकू शकले, कारण उंबरठा ओलांडायला जात आड आली नाही. खिशात पैसा नव्हता. जात मात्र सोबत होती, आणि ती धनासारखी चालत होती. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. कोसंबींना ५० रुपये देणाऱ्या त्याच सयाजीरावांनी तरुण भीमरावांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवले. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला आले. परदेशी विद्यापीठाची पदवी होती, राज्याची नोकरी होती. राहायला खोली नव्हती. एका पारशी खानावळीत त्यांनी आसरा घेतला, तर जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. शहरात कोणी घर दिले नाही.

एकाने घर सोडले, दुसऱ्याला घर नाकारले गेले. दोन्हीला एकच शब्द वापरणे म्हणजे फसवणूक आहे. म्हणून कम्फर्ट झोनचा उपदेश करणाऱ्यांना आपण आधी विचारले पाहिजे की कोणाची गैरसोय आणि कोणी ठरवलेली? गटारात उतरणाऱ्या माणसाची घुसमट त्याला घडवत नाही, मारते. वसतिगृहात किंवा वर्गात जातीवरून होणारा छळ विद्यार्थ्याला कणखर करत नाही. तिथे सहनशीलतेचे धडे द्यायचे नसतात, तिथे तक्रार, कायदा आणि संघटना लागते. लादलेले दुःख गौरवायचे नाही, ते संपवायचे. बुद्धांनी दुःख आहे असे सांगून थांबवले नाही. त्याचे कारण शोधले, त्याचा निरोध शक्य आहे असे सांगितले आणि मार्ग दाखवला.

स्वतः बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन्ही प्रकार दिसतात. बडोद्याचा अपमान लादलेला होता, त्याविरुद्ध ते आयुष्यभर लढले. लंडनच्या ग्रंथालयात अर्धपोटी बसून केलेला अभ्यास त्यांनी निवडलेला होता, तो त्या लढाईसाठी होता. पहिल्याचा नाश करण्यासाठी दुसरा स्वीकारायचा, हा हिशेब आपण त्यांच्याकडून शिकतो.

न पटणाऱ्या माणसाकडून शिकणे

कोसंबींनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला, त्यात ते होते, तुरुंगातही गेले. वय तेव्हा त्रेपन्न. ते गांधीजींच्या निकटचे राहिले. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला, त्याला बिर्लांचे अर्थसाह्य होते. गिरणीत राबणाऱ्या आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना धम्म कळावा, ही त्यामागची इच्छा होती.

१९३२ च्या पुणे कराराची जखम बाळगणाऱ्या आपल्याला हे वाचताना खटकते. खटकायलाच हवे. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झालेली असताना हा पाली पंडित गांधींच्या बाजूला का, असा प्रश्न आपल्या बैठकीत कोणी विचारला तर तो गैर नाही. पण त्या एका प्रश्नावर पुस्तक बंद करणे ही आपली सोय झाली. पटणाऱ्याचेच वाचायचे, आपल्याच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचे, विरोधी मत दिसले की नाव काढून टाकायचे, हाही एक कम्फर्ट झोनच आहे आणि तो मात्र आपल्याकडे भरपूर आहे.

कोसंबी स्वतः कोणाची मर्जी राखून लिहीत नव्हते. ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ या १९३५ च्या पुस्तकात त्यांनी वैदिक परंपरेची परखड चिकित्सा केली. ‘भगवान बुद्ध’ मध्ये प्राचीन काळच्या श्रमणांच्या मांसाहाराविषयी लिहिले तेव्हा जैन समाजातून मोठा निषेध झाला. पुरावा आहे म्हणून त्यांनी मत मागे घेतले नाही.

आणि याच पुस्तकातली एक मांडणी आपल्या फार जवळची आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा कोसंबींनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या शहाण्या तरुणाला तोवर म्हातारपण माहीतच नव्हते, हे त्यांना पटणारे नव्हते. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि हत्यारे उचलणारी माणसे, यात त्यांनी गृहत्यागाचे कारण शोधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण रोहिणीच्या पाण्यावरून पेटलेला संघर्षच आहे. तो मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. राजवाडा सोडण्यामागे स्वतःच्या मुक्तीची घाई नव्हती, माणसांमधले वैर थांबवण्याचा ध्यास होता. सोय सोडण्याचा बौद्ध अर्थ इथे सापडतो.

शेवट आणि मध्यम मार्ग

अखेरच्या वर्षांत कोसंबींचे शरीर आजारांनी थकले. आपले काम झाले, आता इतरांवर भार होऊन जगायचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता, त्याचाही प्रभाव होता. १९४६ मध्ये त्यांनी अन्नत्याग सुरू केला. गांधीजींच्या आग्रहामुळे तो थांबवला. पुढच्या वर्षी सेवाग्रामला त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

या शेवटाबद्दल आदर राखूनही आम्ही असहमत आहोत. आजारी, थकलेला माणूस समाजाला भार नसतो. आणि तथागतांनी सहा वर्षे देह कष्टवून पाहिला, मग तो मार्ग सोडून अन्न घेतले, तेव्हा बोधीची वाट मोकळी झाली. कष्ट हे धम्मात साधन आहेत, साध्य नाहीत. आपल्यातले काही कार्यकर्ते झोप, जेवण, औषध सोडून राबतात आणि चाळिशीत कोलमडतात. घरच्यांना, संघटनेला त्याचा उपयोग होत नाही. मदत मागायला लाज वाटणे हेही आपण सोडायचे एक जुने वळण आहे.

आपण काय घ्यायचे

तरुण मित्रमैत्रिणींनो, कोसंबींकडून घ्यायच्या गोष्टी मोठ्या घोषणांच्या नाहीत. येत नाही ते शिकायला कोणत्याही वयात खाली बसायचे. पाली असो, इंग्रजी असो, हिशेब असो की संविधानातली कलमे. पहिली निराशा आली की माघारी न फिरता पुढचा पत्ता विचारायचा. पदाला आणि वेषाला न चिकटता कामाला चिकटायचे. अन्याय सोसण्याला सहनशीलता म्हणायचे नाही. शिकलेले आपल्या माणसांच्या भाषेत परत आणायचे आणि दुसऱ्याला शिकवायचे.

आणि कोसंबींच्या पलीकडे जाऊनही एक गोष्ट करायची. आपण जी गैरसोय निवडतो तिचा भार घरात कोणावर पडतो, हे निघण्याआधी विचारायचे. तो भार वाटून घ्यायचा.

बऱ्याच विहारांत रविवारी वंदना होते, मग चहा होतो आणि माणसे पांगतात. येत्या ४ जूनच्या आसपासच्या रविवारी चहानंतर अर्धा तास थांबू या. ‘भगवान बुद्ध’ मधले एखादे प्रकरण वाचू या. पटले नाही तर तसे मोकळेपणी बोलू या. मायबहिणींना वाचायला पुढे बसवू या आणि त्या दिवशी चहाची भांडी पोरांनी घासावीत. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या, पुढच्या रविवारी थोडे कमी होईल.

जय भीम, नमो बुद्धाय.